आप्पांच्या घड्याळातली सात मिनिटं

रविवार, सात डिसेंबर. संध्याकाळचे पाच. हजर : आप्पा, म्हणजे माझे सासरे, दाराजवळच्या खुर्चीत, गळ्यात स्टॉपवॉच. नीलेश, माझा नवरा, पलंगावर आडवा. त्याला अर्धा हजर धरावा. सिया, आमची मुलगी, वय वर्षं तेरा, जमिनीवर बसून गुडघ्याला पट्टी गुंडाळतेय. मी टीव्हीच्या मागे, हातात वायर. गैरहजर : टीव्हीचा रिमोट.

खो-खोचा मोसम पुन्हा सुरू झाला, हे मला कॅलेंडर बघून कळत नाही. बाथरूममधल्या बादलीच्या तळाशी लाल माती बसायला लागते तेव्हा कळतं. सियाचे मोजे मी दोनदा धुते, तरी तिसऱ्या पाण्यालाही चहाचा रंग येतो. डिलाईल रोडवर कोपऱ्याकोपऱ्याला स्पर्धांचे फलक लागतात, त्यांवर खेळाडूंपेक्षा इतरांचेच फोटो मोठे असतात. मैदानात कोणीतरी फक्की ओतून रेषा मारत असतो आणि त्या चुन्याचा कोरडा वास नाकात गेला की मला आधी शिंक येते आणि मग गेला मोसम आठवतो. दोन्ही मला नको असतं.

मी नीटनेटकी बाई आहे. दादरच्या एका कार्यालयात वीस माणसांच्या रजा, चाव्या आणि चहाची भांडी सांभाळते. घरात फ्रिजच्या दारावर यादी असते, कामं होतात, रेघ मारली जाते, रविवारी कागद बदलतो. गेल्या जानेवारीपासून मात्र एक ओळ मी प्रत्येक नव्या कागदावर जशीच्या तशी उतरवून काढतेय. ‘फायनलला घड्याळ लावणे.’ नीलेश म्हणतो, एवढ्या वेळात माणूस घर बांधतो. नीलेशने गॅलरीतला बल्ब बदलायला गणपती ते दिवाळी एवढा वेळ घेतला होता, पण ते जाऊ दे.

तर आप्पा. गिरणीत होते, मूळचे मालवणकडचे. गिरणी होती तेव्हा आणि गेली तेव्हाही, त्यांची खरी नोकरी मैदानावर होती. कामगार वस्तीतल्या खो-खोच्या सामन्यांना ते वेळाधिकारी असायचे. टेबलाशी बसायचं, घड्याळ दाबायचं, प्रत्येक मिनिटाला मोठ्याने पुकारा करायचा, शेवटी शिट्टी. संघ भांडायचे, प्रशिक्षक एकमेकांच्या अंगावर जायचे, पण आप्पांनी शिट्टी मारली की विषय संपायचा, असं ते स्वतः सांगतात आणि त्यांचे जुने सोबतीही सांगतात. मंडळाने त्यांना दिलेलं चावीचं स्टॉपवॉच अजून त्यांच्या गळ्यात असतं. पांढरी तबकडी पिवळी पडलीय, काळा काटा मात्र तसाच तरतरीत. आंघोळीला जाताना तेवढं काढून देवाजवळ ठेवतात, झोपताना उशाशी.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी राम म्हटला. आमची चाळ, तिसरा मजला, लिफ्टचा प्रश्नच नाही. डॉक्टर म्हणाले, जिने बंद. आणि त्याच मोसमात सियाची क्लबच्या मुलींच्या संघात निवड झाली. आप्पा गॅलरीत खुर्ची ओढून बसायला लागले आणि खालच्या चौकात सिया सराव करायची तिच्याकडे बघत राहायचे. नातीचा एकही सामना आता दिसणार नाही, हे त्यांनी धरून चाललं होतं.

तो चेहरा बघून मीच पुढे झाले. माझा दोष हाच आहे, समोर अडचण दिसली की मी ती यादीत घालते. नीलेशने सामने मोबाईलवर घ्यायचे, रविवारी संध्याकाळी आम्ही ते टीव्हीवर लावायचे, आप्पांनी बघायचे. सोपं.

पहिला सामना लावला. आप्पा पुढे सरसावून बसले. अर्ध्या मिनिटात मागे टेकले.

“वेळ खंय आसा?”

“कसली वेळ, आप्पा?”

“अगो, वेळेशिवाय खो-खो म्हणजे नुसती पळापळ. किती मिनिटं झाली, कोण किती टिकली, कसा कळतला?”

बरोबरच होतं. मोबाईलवर घेतलेल्या खेळात मुली धावतात, खाली बसतात, उठतात, खांबाला गरकन वळसा घालतात, पण डावाचा ताण दिसत नाही. तो ताण घड्याळात असतो. शेवटचं एक मिनिट उरलं आहे हे माहीत असलं तर तेच पळणं बघताना माणूस खुर्चीच्या काठावर येतो. तर मग व्हिडिओवर घड्याळ लावायचं. कार्यालयातल्या एका मुलीने सांगितलं, “मॅडम, ॲप आहे, पाच मिनिटांचं काम.” तिला मी अजून माफ केलेलं नाही.

ॲपने आधी माझा पत्ता सोडून सगळं विचारलं. मग जाहिराती. मग फुकटात वापरायचं तर स्वतःचं नाव मैदानाच्या बरोबर मधोमध. ते हटवलं तर घड्याळाचा रंग जांभळा. घड्याळ उजव्या कोपऱ्यात ठेवलं तर खांब झाकला जायचा, डाव्या कोपऱ्यात ठेवलं तर पाठलाग करणारी मुलगी घड्याळात शिरून पलीकडून बाहेर यायची. वर ठेवलं तर नीलेशने घेतलेलं आभाळ निदान कामी यायचं. त्याच्या व्हिडिओत आभाळ भरपूर असतं. सिया सुटली की हा उड्या मारतो, म्हणजे मोबाईलही उड्या मारतो. “पळ सिया, पळ! अगं वळ! वळ ना!” हे एवढ्या जोरात असतं की पंचांची शिट्टी ऐकू येत नाही. आणि शिट्टीच ऐकू आली नाही तर मी घड्याळ सुरू कुठून करू?

“फोन स्टुलावर ठेव आणि सात मिनिटं हात लावू नकोस,” मी सांगितलं. मुलींचा डाव सात मिनिटांचा असतो.

“आणि सिया कोपऱ्यात गेली तर?”

“तर जाऊ दे. ती परत येते.”

अखेर आकडे पळणारं एक बऱ्यापैकी घड्याळ लागलं. शनिवारची अख्खी दुपार गेली. रविवारी आप्पांनी डोळे बारीक करून ते बघितलं.

“ह्यो कसलो मीटर लावलंस गो? टॅक्सीचो?”

त्यांना काटा हवा होता. गोल तबकडी, तिच्यावर काटा, मिनिटांची छोटी तबकडी आत. थोडक्यात, त्यांचंच घड्याळ. तसं ॲपमध्ये नव्हतं. मग मी जे केलं ते त्या वेळी मला फार हुशारीचं वाटलं होतं. मी आप्पांच्या घड्याळाचाच व्हिडिओ घेतला. काळ्या छत्रीचं कापड टेबलावर पसरलं, त्यावर घड्याळ, वर मोबाईल. आप्पांनी अंगठ्याने कळ दाबली आणि संपूर्ण वेळ श्वास धरल्यासारखे उभे राहिले, जणू समोर अंतिम सामना चाललाय. मग तो व्हिडिओ गोल कापून सामन्याच्या वरच्या कोपऱ्यात बसवला. पंचांची सुरुवातीची शिट्टी आणि आप्पांच्या अंगठ्याचा दाब एका क्षणावर जुळवला की झालं.

फक्त एक राहिलं होतं. त्या वेळी शेजारी डाळ शिजत होती. त्यामुळे पहिल्या काही सामन्यांत, मैदान कुठलंही असो, डाव रंगात आला की कुकरची शिट्टी व्हायची. सिया लोळून हसायची. आप्पा दचकून म्हणायचे, “फाऊल कोणाचो?” मग मी आवाज बंद करायला शिकले.

पण ते रविवार चांगले होते, हे मला मान्य करावं लागेल. खुर्ची, चटई, कांदाभजी, कोपऱ्यात फिरणारा तो काळा काटा. आप्पा टीव्हीसमोर बसून खरोखर पुकारा करायचे. “एक मिनिट!” त्यांचा आवाज घरात मावायचा नाही. सिया त्यांच्या पायाशी बसून स्वतःला बघायची आणि आप्पा तिच्या डोक्यावर टपली मारून सांगायचे, “हय बघ, हय उगाच दम घालवलंस.” खाली चौकात तिचा सराव सुरू झाला की तेच घड्याळ घेऊन ते गॅलरीत कठड्याला धरून उभे राहायचे. ज्या गुडघ्यांवर त्यांना दोन मिनिटं उभं राहवत नव्हतं, त्या गुडघ्यांवर. सात मिनिटं झाली की वरून हाक, “वेऽऽळ!” आणि खाली सिया धपकन बसायची. समोरच्या खोलीतल्या बायका त्या हाकेवर भाताचा गॅस बारीक करायच्या.

एकच कटकट होती. दर रविवारी आप्पा शेवटी चिडायचे.

“बघ, बघ! सात होवन गेली, तरी खेळवता! पंच झोपलो हा काय?”

खरंच, कोपऱ्यातला काटा सात ओलांडून जायचा आणि मैदानावरची शिट्टी नंतर व्हायची. दर सामन्यात. हा पंच, तो पंच, दादरचं मैदान, परळचं मैदान, सगळीकडे उशीर. “आजकाल कोणाक घड्याळ बघूक येना नाय,” आप्पांचा निष्कर्ष. आम्ही म्हातारपणाची कुरकुर म्हणून सोडून द्यायचो. नीलेश तर म्हणायचा, “आप्पा, तुम्हीच जा आता शिट्टी घेऊन.” आप्पा गुडघ्यांकडे बघायचे.

फायनल जानेवारीत झाली, दादरला, भर दुपारच्या उन्हात. शेवटचा डाव, गुण सारखे. सिया पळतेय आणि समोरच्या संघाला फक्त एक गडी बाद करायचाय. वेळ संपेपर्यंत सिया टिकली तर सामना बरोबरीत, पुढचा डाव. ती टिकत होती. धूळ एवढी की मुलींचे पाय दिसत नव्हते, नुसत्या वेण्या दिसत होत्या. आणि अचानक, खांबापासून दोन पावलांवर, सिया थांबली. कमरेवर हात ठेवून तिने वेळाधिकाऱ्यांच्या टेबलाकडे बघितलं. मागून आलेल्या मुलीने तिच्या पाठीला हात लावला. मग शिट्टी झाली.

एका गुणाने हरलो. सिया रडली नाही. तिने चपला शोधल्या आणि माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली.

नीलेशच्या मोबाईलमध्ये हा शेवट नाही. जागा संपली म्हणून रेकॉर्डिंग मधेच बंद पडलं. जागा कशाने भरली होती? शुभ सकाळच्या गुलाबांनी. लग्नाला सोळा वर्षं झाली म्हणून मी त्यावर काही लिहीत नाही.

घरी आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले, “वेळ होवन गेलेली.” त्यांच्या मनात शंकाच नव्हती. अख्खा मोसम सगळे पंच उशिरा शिट्टी मारत होते, तशीच हीही उशिराच मारली. पोरगी बाद झाली तेव्हा खेळ संपलेला होता. “तू घड्याळ लाव गो फायनलला. मगे बघूया. मी स्वतः पत्र लिवतंय.”

आता व्हिडिओ कुठून आणायचा? तो मला मार्लिनने दिला. मार्लिन म्हणजे समोरच्या संघातल्या एका मुलीची आई, दादरलाच राहते. मैदानावर तिच्याशी माझी ओळख सेफ्टी पिनेवरून झाली. तिच्या पर्समध्येही माझ्यासारखीच पिना, ग्लुकोज आणि सुईदोऱ्याची डबी असते. तिचा मोबाईल तिपाईवर असतो आणि ती बोलत नाही. तिने अख्खा डाव पाठवला, वर लिहिलं, ‘तुझी पोरगी मस्त पळते गं.’

शनिवारी दुपारी मी आप्पांचं घड्याळ त्यावर बसवलं. आप्पा आत झोपले होते. काटा फिरत फिरत सातवर आला. ओलांडून गेला. सिया अजून पळत होती! मग ती थांबली, मग तो हात, मग शिट्टी. माझं डोकं फिरलं. म्हणजे आप्पा म्हणत होते तेच खरं. मी मार्लिनला फोन लावला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

“मार्लिन, वेळ संपल्यावर आऊट दिलंय आमच्या मुलीला. माझ्याकडे पुरावा आहे.”

“कुठलं घड्याळ लावलंस?”

“माझ्या सासऱ्यांचं.”

“मी पण लावलं होतं गं, फोनमधलं. बरोबर साताला शिट्टी आहे. तू एकदा फोनचं लावून बघ ना. मी भांडत नाही हां तुझ्याशी.”

ती भांडत नव्हती, हेच मला जास्त लागलं. आप्पांच्या उशाजवळून घड्याळ हळूच उचललं. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मोबाईल. दोन्ही एकदम सुरू केली आणि शेजारी चहाचा कप घेऊन बसले. आप्पांचं घड्याळ सातवर पोचलं तेव्हा मोबाईल अजून वाटेत होता. पुन्हा केलं. पुन्हा तेच. चहावर साय आली.

म्हणजे अख्ख्या मोसमातला एकही पंच चुकला नव्हता. पुढे पळत होतं ते आप्पांचं घड्याळ. आणि तेच पुढे पळणारं घड्याळ मी गोल कापून, आवाज बंद करून, दर रविवारी टीव्हीवर लावत होते.

मी स्वयंपाकघरात वळले तर दारात सिया उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे.

“मला माहितीये, मम्मी.”

“काय माहितीये?”

“आप्पांचं घड्याळ पुढे आहे ते. फायनलला कळलं. मला आतून वाटलं, झाले सात. रोज खाली आप्पा जिथे ‘वेळ’ म्हणतात ना, तिथे माझे पाय आपोआप थांबतात. थांबले. आणि शिट्टीच नाही.”

“अगं मग बोलायचं ना! आत्ता सांगते आप्पांना. घड्याळ दुरुस्तीला टाकू, दोन दिवसांचं काम.”

“नको.” तिने माझा हात धरला. एरवी ती माझ्या हाताला हात लावत नाही, ते वय आहे. “ते पहिल्यांदा काय विचारतील? कधीपासून बिघडलंय? मग त्यांना सगळं कळेल. मी का थांबले तेही. मग ते गॅलरीत उभे राहतील का? सांग ना, राहतील?”

उत्तर मला माहीत होतं. मी घड्याळ परत आप्पांच्या उशाजवळ ठेवून आले.

तेव्हापासून माझी नुसती चिडचिड होतेय. कोणावर, ते ठरत नाही. मार्ग मी सगळे करून बघितले. “आप्पा, घड्याळाला जरा तेलपाणी करून आणू?” तर म्हणाले, “चलत्या घड्याळाक हात लावू नये.” वाढदिवसाला नवीन डिजिटल स्टॉपवॉच आणलं, तर त्यांनी ते प्रेमाने नीलेशला दिलं, आता तो त्यावर अंडी उकडतो. फायनलवर आप्पांचं घड्याळ लावून दाखवलं, तर ते पत्र लिहिणार, एका निर्दोष वेळाधिकाऱ्याविरुद्ध, आणि सिया जन्मभर आपल्यावर अन्याय झाला असं सांगत फिरणार किंवा खोटं ऐकत गप्प बसणार. खरं घड्याळ लावलं, तर चाळीस वर्षं ज्या माणसाच्या शिट्टीवर भांडणं मिटत होती, त्याला मी टीव्हीच्या कोपऱ्यात दाखवणार की तुमची सात मिनिटं सात नव्हती, आणि नातीचे पाय त्यामुळे थांबले. मी यादीतली कामं ‘करायची’ आणि ‘न करायची’ अशीच ओळखते. करून भागत नाही आणि न करून सुटत नाही, असलं हे पहिलंच.

रिमोट सापडला. नीलेशच्या पाठीखाली होता.

“ती फायनल लावलंस काय गो?” आप्पांनी विचारलं. महिन्यातून एकदा विचारतात, आठवण करून दिल्यासारखं, रागाने नाही.

“राहिलंय, आप्पा. करते.”

“कर गो. मी अजून आसंय.”

सिया उठली, बूट घातले आणि जिन्याने खाली पळाली. आप्पा हळूहळू खुर्चीतून उठले, एक हात माझ्या खांद्यावर, गॅलरीच्या कठड्यापर्यंत गेले. खाली चौकात बाकीच्या मुली रांगेत बसल्या होत्या, आळीपाळीने तोंडं इकडे-तिकडे करून. चुन्याची रेघ ताजी होती. आप्पांनी घड्याळाची चावी दिली, बोटांनी ओळखीची, न बघता. अंगठा दाबला.

मी तिथेच उभी राहिले. गेल्या वर्षीपेक्षा सिया उंच झालीय, वळताना कमरेत जास्त वाकते. आप्पा मिनिटं पुकारत होते आणि समोरच्या बायका आपापल्या गॅसकडे बघत होत्या.

“वेऽऽळ!”

सिया थांबली नाही. खांबाला वळसा घालून परत आली, मधून सुटली, पुन्हा वळली.

“वेळ झाली गो! थांब!” आप्पा ओरडले.

“झालंच, आप्पा!” ती खालून ओरडली आणि आणखी एक फेरी पळाली. मग, साधारण जिथे मोबाईलचं घड्याळ सातवर आलं असतं तिथे, धपकन बसली.

“पोरगी जिद्दीची झाली,” आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले. “वेळ झाली तरी पळता.”

मी आत आले आणि नवा कागद काढला. गूळ, गॅसचा नंबर, सियाचे मोजे दोन जोड. फायनलला घड्याळ लावणे.